मेघांपलीकडील मेघ

आषाढ लागला म्हणजे खालापूर तालुक्यातील डोंगर दिवसचे दिवस ढगांत बुडून जातात. इर्शाळगडाचा सुळका दिसेनासा होतो, बोरघाटातील वाट धुक्यात हरवते आणि पाताळगंगा गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहू लागते. अशा वेळी माथ्यावर तारे आहेत की नाहीत, हे कळण्यास डोळ्यांना काहीच साधन उरत नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी, वैशाखातील एखाद्या निरभ्र रात्री, रस्त्यावरच्या दिव्यांपासून दूर असलेल्या डोंगरवाडीतून उत्तररात्री दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिक आणि धनू या राशींमधून वर चढत गेलेला आकाशगंगेचा दुधाळ पट्टा दृष्टीस पडतो. हा पट्टा सलग नसतो. त्यात मधूनमधून काळे डाग दिसतात. एके काळी ज्योतिर्विदांना ते डाग म्हणजे आकाशातील रिकाम्या जागा वाटत. विसाव्या शतकात मात्र निश्चित झाले, की त्या जागा रिकाम्या नाहीत. तेथेही मेघच आहेत. ते मागील ताऱ्यांचा प्रकाश अडवतात, म्हणून काळे दिसतात.

हे मेघ वायूचे आणि धुळीच्या अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असतात. त्यांचा विस्तार एवढा मोठा असतो, की त्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास प्रकाशालाही अनेक वर्षे लागतात. तथापि ते कमालीचे विरळ असतात. पृथ्वीवरील एक घन सेंटिमीटर हवेत किती रेणू असतात, हे लिहावयाचे तर २५ या आकड्यापुढे १८ शून्ये द्यावी लागतील. तेवढ्याच जागेत या मेघांत काही हजार, फार तर काही लक्ष रेणू असतात. तेथील थंडीही विलक्षण असते. शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस इतके तेथील तापमान उतरलेले असते. अशा मेघांच्याच पोटात नवे तारे आणि त्यांचे ग्रह जन्माला येतात. म्हणून या मेघांत कोणकोणते पदार्थ आहेत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पृथ्वी, तिच्यावरील पाणी आणि प्राणिमात्रांची शरीरे ज्या द्रव्यातून घडली, त्या द्रव्याचा मूळ साठा कसा होता, हे त्यावरून कळावयाचे असते.

पण तेथे जाऊन बाटलीत नमुना भरून आणणे कोणालाही शक्य नाही. मग हजारो प्रकाशवर्षांवरील काळोखात कोणता रेणू आहे, हे ओळखावे कसे? याचे उत्तर रेणूंच्या फिरण्यात सापडते.

भोवरा जोरात सोडला तर जलद फिरतो, हळू सोडला तर मंद फिरतो. त्याला हवी ती गती घेता येते. रेणूला ही मोकळीक नसते. निसर्गाने त्याला फिरण्याच्या काही ठरावीक गतीच नेमून दिलेल्या आहेत. जिना चढणाऱ्याला पहिल्या पायरीवर किंवा दुसऱ्या पायरीवर उभे राहता येते, परंतु दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी उभे राहता येत नाही. त्यातलाच हा प्रकार होय. रेणू वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला, म्हणजे त्याची उरलेली ऊर्जा तरंगाच्या रूपाने बाहेर पडते. पायऱ्यांमधील अंतर ठरलेले असल्यामुळे त्या तरंगाची लांबीही ठरलेली असते. प्रत्येक जातीच्या रेणूचा जिना निराळा. त्यातील अणू किती जड आहेत आणि ते एकमेकांपासून किती दूर आहेत, यावर पायऱ्यांची उंची अवलंबून असते. त्यामुळे बाहेर पडलेल्या तरंगांची लांबी मोजली, की तो रेणू कोणत्या जातीचा हे सांगता येते. तरंगांच्या अशा मापनावरून पदार्थ ओळखण्याच्या शास्त्राला वर्णपटविज्ञान म्हणतात आणि एका ठरावीक लांबीच्या तरंगाला त्या रेणूची ‘रेषा’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

लाकूड किंवा कोळसा कोंडलेल्या हवेत जळताना जो विषारी वायू तयार होतो, त्या कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण घेता येईल. त्याच्या रेणूत कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोनच अणू असतात. हा रेणू पहिल्या पायरीवरून तळाशी उतरतो, तेव्हा सुमारे २·६ मिलिमीटर लांबीचा तरंग बाहेर पडतो. दुसरीवरून पहिलीवर उतरताना १·३ मिलिमीटरचा आणि तिसरीवरून दुसरीवर उतरताना ०·८७ मिलिमीटरचा तरंग निघतो. यांपैकी पहिल्या तरंगाची कंपने सेकंदाला सुमारे ११,५२७ कोटी इतकी होतात. हे तरंग प्रकाशाच्याच कुळातील आहेत, परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा ते हजारो पट लांब असतात. त्यांना मिलिमीटर-तरंग म्हणतात. तरंगाची लांबी आणखी कमी होऊन ०·३ मिलिमीटरवर आली, की कंपनांची संख्या सेकंदाला एक लक्ष कोटी होते. या मापाला एक टेराहर्ट्झ असे नाव आहे. हलक्या रेणूंच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून त्यांच्या रेषा बहुधा टेराहर्ट्झच्या आसपास सापडतात. मेघ कितीही थंड असला, तरी रेणू एकमेकांवर आदळून या लहान लहान पायऱ्या चढण्यापुरती ऊर्जा मिळवतात. त्यामुळे जेथून प्रकाशाचा एक किरणही बाहेर येत नाही, तेथूनही हे तरंग अखंड निघत असतात. मेघांतील धूळ प्रकाशाला अडवते, परंतु या लांब तरंगांना ती फारशी अडवू शकत नाही.

मिलिमीटर-तरंगांशी भारताचा संबंध जुना आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या लांबीचे तरंग निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासले होते. आज प्रयोगशाळांत नळीमध्ये विरळ वायू भरून त्यातून असे तरंग सोडतात आणि त्यांपैकी कोणते तरंग वायूने शोषून घेतले, हे अतिशय काटेकोरपणे मोजतात. त्या मापांच्या सूची तयार करण्यात येतात. दुर्बिणीने टिपलेली रेषा अशा सूचीशी ताडून पाहिली, म्हणजे आकाशातील रेणूचे नाव कळते. आकाशाचे हे वाचन अशा रीतीने पृथ्वीवरील प्रयोगशाळेत सुरू होते.

अवकाशात दोन अणूंचे मोजके रेणू आहेत, हे १९४० च्या सुमारासच दिसून आले होते. परंतु त्याहून मोठे रेणू तेथे टिकणार नाहीत, ताऱ्यांचे प्रखर किरण त्यांना फोडून टाकतील, असा अनेक शास्त्रज्ञांचा समज होता. १९६८ साली अमेरिकेत चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने अमोनियाची रेषा सापडली. त्यापाठोपाठ पाण्याची वाफ सापडली. १९६९ साली फॉर्माल्डिहाइड आणि १९७० साली २·६ मिलिमीटर लांबीवर कार्बन मोनॉक्साइड सापडले. जुना समज ढासळला. धुळीच्या आडोशाला रेणू सुखरूप राहतात, एवढेच नव्हे तर धूलिकणांच्या पृष्ठभागावर ते घडतही असतात, हे ध्यानात आले. आजवर अवकाशात तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले आहेत.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. या मेघांत सर्वाधिक असतो तो हायड्रोजनचा रेणू. पण तोच या तरंगांच्या भाषेत मुका आहे. त्याची दोन्ही टोके अगदी सारखी असल्यामुळे तो फिरला तरी असे तरंग बाहेर टाकत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या दोन टोकांवरील विद्युत्‌भार किंचित निराळा असतो, म्हणून त्याला हे साधते. यास्तव हायड्रोजनचा मेघ कोठे आणि केवढा आहे, हे कार्बन मोनॉक्साइडच्या साक्षीवरून ठरवावे लागते.

साक्ष म्हटली की ती पारखून घेणे आले. मोठ्या रेणूच्या रेषा शेकड्यांनी मोजाव्या इतक्या असतात. मेघात अनेक जातींचे रेणू एकत्र असल्यामुळे एकाची रेषा दुसऱ्याच्या रेषेजवळ योगायोगाने पडू शकते. शिवाय मेघ स्थिर नसतात. कर्जत-खोपोली लोहमार्गावरील गाडी जवळ येताना तिची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते आणि गाडी दूर जाताना तो स्वर उतरतो. तसेच मेघ पृथ्वीकडे येत असला तर त्याच्या रेषा आखूड होतात, दूर जात असला तर लांबतात. हा फरक त्या मेघातील सर्व रेषांत एकाच प्रमाणात पडतो. म्हणून एखादी रेषा जुळली एवढ्यावर रेणूचे नाव सांगता येत नाही. अनेक रेषा, एकाच प्रमाणात सरकलेल्या, आणि योग्य त्या तीव्रतेच्या मिळाव्या लागतात. जी रेषा दिसावयास हवी ती दिसत नसेल, तर तिच्या अभावाचाही विचार करावा लागतो.

या नियमाचे महत्त्व ग्लायसीनच्या प्रकरणावरून उमजते. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांतील सर्वांत साधे आम्ल म्हणजे ग्लायसीन. ते तारकांमधील मेघांत सापडले, तर सजीवांच्या घडणीस लागणारी एक वीट तारा जन्मण्यापूर्वीच तयार असते, असे म्हणता येईल. २००३ साली एका संशोधकगटाने तीन मेघांत ग्लायसीनच्या रेषा आढळल्याचे जाहीर केले. वार्ता मोठी होती. परंतु २००५ साली दुसऱ्या गटाने तो पुरावा पुन्हा तपासला. ग्लायसीन असते तर ज्या रेषा दिसणे अपरिहार्य होते, त्यांपैकी काही तेथे नव्हत्या. तो दावा टिकला नाही. पुढे रोझेटा यानाने ६७-पी या धूमकेतूच्या भोवती ग्लायसीन असल्याचे प्रत्यक्ष मोजून दाखवले आणि ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. तारकांमधील मेघांच्या यादीत मात्र त्याचे नाव आजही घातलेले नाही. मनाला हवेसे वाटणारे उत्तरही पुराव्यावाचून स्वीकारावयाचे नाही, ही या शास्त्राची शिस्त आहे.

या कामात आणखी एक मोठी अडचण आहे, आणि ती पृथ्वीच्याच वातावरणात आहे. पाण्याचा रेणू वाकलेल्या आकाराचा असतो. त्याच्या एका बाजूस धन आणि दुसऱ्या बाजूस ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे तो मिलिमीटर आणि टेराहर्ट्झ तरंग जोमाने बाहेर टाकतो. जो रेणू एखादा तरंग बाहेर टाकू शकतो, तो तसाच तरंग शोषूही शकतो. अवकाशातील पाण्याची वार्ता घेऊन आलेला तरंग शेकडो प्रकाशवर्षांचा प्रवास करून येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत पृथ्वीवरील बाष्प त्याला गिळून टाकते. समुद्रावरून येऊन सह्याद्रीच्या भिंतीला अडणारे जे बाष्प खालापूर-कर्जतच्या भातशेतीला जीवन देते, तेच या तरंगांच्या वाटेतील पडदा ठरते. येथे रात्र कितीही निरभ्र असली, तरी हवा या तरंगांना ढगाळच असते.

या अडचणीवर पहिला उपाय म्हणजे बाष्पाच्या वर जाणे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अटाकामा नावाचे अत्यंत कोरडे वाळवंट आहे. तेथे सुमारे ५,००० मीटर उंचीच्या पठारावर ६६ थाळ्यांची ‘आल्मा’ ही दुर्बीण उभारलेली असून तिचे उद्‌घाटन २०१३ साली झाले. जे तरंग पर्वतावरही पोचत नाहीत, त्यांच्यासाठी त्याहून वर जावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण तयार केली होती. हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून प्रचंड फुग्याला बांधून संस्था ती सुमारे ३० किलोमीटर उंचीपर्यंत पाठवीत असे. १९९९ साली तिला जपानी शास्त्रज्ञांनी तयार केलेले वर्णपटमापक उपकरण जोडण्यात आले. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतून विद्युत्‌भारित कार्बनचे अणू जो ०·१५८ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे १·९ टेराहर्ट्झचा तरंग बाहेर टाकतात, तो तिने टिपला.

युरोपची हर्शेल ही दुर्बीण २००९ ते २०१३ या काळात अवकाशातच राहून निरीक्षणे करीत होती. वृषभ राशीतील एका मेघात, जेथे तारा अजून जन्मलेलाही नाही, तेथे तिला पाण्याची वाफ आढळली. पृथ्वीवरील सर्व महासागर दोन हजारांहून अधिक वेळा भरतील, एवढी ती वाफ होती, असे २०१२ साली जाहीर झाले. विश्वाच्या आरंभी हेलियम आणि हायड्रोजन यांच्या संयोगाने जो पहिला रेणू बनला असे मानतात, तो प्रयोगशाळेत १९२५ सालीच तयार झाला होता. परंतु आकाशात तो कोठेही सापडत नव्हता. विमानात बसवलेल्या ‘सोफिया’ या दुर्बिणीने त्याची ०·१४९ मिलिमीटरची रेषा टिपल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ती दुर्बीण २०२२ साली निवृत्त झाली.

दुसरा उपाय म्हणजे जे तरंग बाष्पाला जुमानत नाहीत, ते पकडणे. काही सेंटिमीटर ते काही मीटर लांबीचे रेडिओतरंग ढगांतूनही सहज पार होतात. महाराष्ट्राने हा मार्ग फार पूर्वीच धरला. कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कल्याण येथे १९६५ साली गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ३२ लहान थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या त्या थाळ्यांचा व्यास केवळ सहा फूट होता आणि त्यांचा उपयोग सूर्याच्या निरीक्षणासाठी झाला. पुढे त्यांच्याच कल्पनेतून घाटमाथ्यापलीकडे, पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे प्रचंड मीटरतरंग रेडिओ-दुर्बीण साकार झाली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांपैकी १४ थाळ्या एका ठिकाणी जवळजवळ असून उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर पडते. थाळ्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नसून ताणलेल्या तारांच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे तरंगाच्या लांबीपुढे अगदी लहान असल्यामुळे रेडिओतरंगांना ती जाळी आरशासारखीच वाटते आणि वाऱ्याचा जोर मात्र तिच्यातून निघून जातो. मिलिमीटर-तरंगांना अशी जाळी चालली नसती. त्यांच्यासाठी केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म अचूकतेचा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो.

आता अशी शंका येईल, की रेणूंच्या रेषा मिलिमीटरांत असताना खोडदच्या लांब तरंगांना त्यांचा काय उपयोग? काही रेणूंच्या जिन्यात दोन दोन पायऱ्या अगदी जवळजवळ असतात. अशा जोडीतील वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना फार थोडी ऊर्जा सुटते आणि लांब तरंग निघतो. ॲसिटाल्डिहाइड हा असा एक रेणू आहे. त्यात कार्बनचे दोन, हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचा एक असे सात अणू असतात. पिकलेल्या फळांतही हा पदार्थ अल्प प्रमाणात असतो. त्याची एक रेषा सुमारे २८ सेंटिमीटर लांबीची आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयराम चेंगलूर आणि निसीम काणेकर या शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने धनू राशीतील, आकाशगंगेच्या मध्याजवळील एका विशाल मेघात ही रेषा तपासली आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मेघातील बहुतेक मोठे रेणू एका लहानशा गाभ्यात एकवटलेले असतात. ॲसिटाल्डिहाइड मात्र निदान शंभरपट मोठ्या प्रदेशात पसरलेले आढळले. यावरून त्यांनी असे सुचवले, की मेघातून जाणारे आघाततरंग धूलिकणांवरील थर फोडतात आणि त्यांत साठलेले रेणू वायूत मोकळे करतात. सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या मेघात धुळीच्या कणाचे काय होते, याचा तर्क अशा रीतीने जुन्नर तालुक्यातील एका शिवारातून करता आला.

वैशाखात डोंगरवाडीतून धनू राशीच्या बाजूस जे काळे डाग दिसतात, ते अशाच मेघांचे आहेत. त्यांच्यात पाणी आहे, अमोनिया आहे आणि कार्बनचे नाना प्रकारचे रेणू आहेत. यांतील काही रेणू बर्फाच्या रूपाने धूमकेतूंत जाऊन बसतात. पृथ्वीवरील पाण्याचा काही अंश सूर्य जन्मण्यापूर्वीच्या अशाच एखाद्या मेघात तयार झाला असावा, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. किती पाणी तेथून आले आणि किती नंतर तयार झाले, याचा हिशेब अजून चालू आहे.

मोठ्या दुर्बिणींनी टिपलेल्या वर्णपटांत आजही अशा अनेक रेषा आहेत, की ज्या कोणत्याच सूचीत सापडत नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना घाईने नाव देत नाहीत. ‘अज्ञात’ अशी खूण करून त्या बाजूस ठेवतात. एखाद्या प्रयोगशाळेत कोणी नवा रेणू मोजील, त्याच्या सर्व रेषा जुळून येतील, तेव्हाच त्यांतील एखादीपुढे नाव लिहिले जाईल. हे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे आणि ते करणारी माणसे आज शाळेच्या बाकांवर बसलेली असतील.